वास न आलेला रानदवणा

वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात वाळलेली रोपं कागदावर चिकटवायचं काम अण्णांनी एकतीस वर्षं केलं. पदवी नव्हती, पण पान चुरगळून हुंगलं की जात सांगायचे. "अण्णांच्या नाकावर आमचं ऑफिस चालतं," असं तिथल्या प्रमुख मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या.

गेल्या वर्षीच्या तापात ते नाकच गेलं. शेगडीवर दूध करपलं तरी कळेना. ऑफिसात मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

शहराबाहेरच्या उतारावरून रस्ता जायचा होता. तिथे दुर्मिळ, संरक्षित रानदवणा निघाला तर रस्ता वळवावा लागणार, म्हणून मॅडम अण्णांना घेऊन गेल्या. खडीत गुडघाभर झुडपं उभी होती. पानं कातरलेली, खालून पांढरी लव, फुलं बारीक, माना खाली घातलेली. पण बाहेरून आलेलं एक तणही हुबेहूब असंच दिसायचं. फरक काय तो वासाचा.

अण्णांनी पान चुरगळून नाकाशी धरलं. काही नाही. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

"काय म्हणता अण्णा?" मॅडमनी फॉर्म उघडला.

'तुम्हीच बघा हुंगून,' हे शब्द ओठांपर्यंत आले नि तिथेच अडले. रानदवणा इतका उग्र, की मेलेल्या नाकातही थोडा शिरलाच असता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"तण आहे," ते म्हणाले.

संध्याकाळी बायकोने टॉवेल देताना त्यांचा हात धरला. "अहो, काय चोळून आलात? कसला मस्त वास येतोय! कापरासारखा, जरा कडवट."

हा रानदवण्याचाच वास. अण्णांनी हात पुन्हा नाकाशी नेला.

सकाळी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं.

"एक शब्द बोलायचात ना! मी कालच कळवून टाकलं. रस्तेवाले टपूनच बसले होते."

दोघं धावतपळत पोहोचले, तेव्हा यंत्राने उतार सोलून काढला होता. ढिगाऱ्यात मॅडमना एक चेंगरलेलं रोप मिळालं. त्यांनी पान चुरगळून हुंगलं.

"तोच," त्या म्हणाल्या. रोप त्यांनी अण्णांच्या हातात दिलं.

मुळाचा तुकडा अण्णांनी घरी कुंडीत लावला. आठवड्यात काळा पडला. फांदी त्यांनी रीतसर कागदावर चिकटवली, तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'या जागी आता नाही.'

निवृत्तीला सात महिने होते. अण्णांनी तेव्हाच राजीनामा दिला. मॅडमनी वाचून सही केली.