हिराचे बोंबील आणि आग्र्याचा किल्ला

आटपाट कांदिवली. तिथल्या मासळी बाजारात एका ओळीत तीन पाट्या, म्हणजे टोपल्या, लागायच्या. एक हिराची, एक चंद्राची, एक माझी. तीस वर्षं शेजारी बसलं की किस्से साठतात, आणि त्यांना बर्फही लागत नाही. हे आग्र्याचे तेवढे सांगते.

हिराची एकुलती मुलगी नंदा. सहा वर्षांपूर्वी तिनं आग्र्याच्या एका मुलाशी लग्न केलं. हिरा म्हणाली, "या दारात परत पाय ठेवू नको." नंदानं ठेवला नाही. मग यंदा सहलीला सगळ्या जणी शिर्डी म्हणत होत्या, तर हिरा म्हणाली, "आग्रा."
"तिथं काय गो?" चंद्रानं विचारलं.
"किल्ला बघायचाय मला."
जिनं आयुष्यात वसईचा किल्ला पाहिला नाही, ती!
मी गुपचूप नंदाला फोन केला. सोमवारी सकाळी किल्ल्यात आहोत, म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, आईनं बोलावलंय का?" मी काय बोलणार? फोन ठेवून दिला.

*

किल्ल्याच्या दारावर शिपायानं हिराची पिशवी उघडली आणि दोन पावलं मागे सरला. आत जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले सुके बोंबील.
"ये क्या है?"
"दवाई," हिरा म्हणाली.
"किसकी?"
नंदा लहानपणी बोंबलाशिवाय जेवायची नाही, हे आम्हाला ठाऊक, शिपायाला कुठून असणार? गाठोडं त्यानं दारातच ठेवून घेतलं.

*

आत गाइड बादशहाचा दरबार दाखवत होता. चंद्रानं त्याला थांबवलं. "आमचे महाराज कुठे उभे होते, ते आधी दाखव."
त्यानं दाखवलं. चंद्रानं तिथं चप्पल काढून नमस्कार केला आणि त्याला सुनावलं, "पेटाऱ्यातनं निसटले. म्हणजे आम्हा पाटीवाल्यांचेच ते."

*

मग तटावरून यमुना दिसली. आम्ही पाणी बघणार ते आमच्या नजरेनं. होडी नाही, जाळं नाही. चंद्रानं विचारलं, "भरती कधी आहे रे आज?"
"माताजी, यहाँ ज्वार नहीं आता. नदी है."
"मग गेलेलं पाणी परत कधी येतं?"
"वापस नहीं आता."
चंद्रा माझ्याकडे बघून हसली. हिरा हसली नाही. ती दगडाला धरून खाली वाकून पाणी बघत होती.

*

पुढे संगमरवरी सज्जा. गाइड म्हणाला, बादशहाला त्याच्याच मुलानं इथं कोंडलं, म्हातारा इथूनच ताजमहालाकडे बघत बसायचा.
"मुलगा भेटायला यायचा?" हिरानं विचारलं.
"नहीं माताजी."
"आणि या बापानं बोलावलं असतं तर?"
गाइड पुढचा खांब दाखवायला लागला. हिरानं पदरानं तोंड पुसलं. मला म्हणाली, "फोन लाव गो तिला. मी बोलते."
लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.
"चल," हिरा म्हणाली, "गाठोडं घेऊ नि जाऊ."

*

दारात आलो तर गाठोडं जागेवर नाही. हिरा शिपायावर चढलीच. त्यानं बोट दाखवलं. भिंतीच्या सावलीत नंदा बसलेली, मांडीवर चार वर्षांची पोर, पोरीच्या मांडीवर गाठोडं.
शिपाई म्हणाला, "आप लोग अंदर गए, तब से बैठी है. अंदर नहीं जा रही थी. ये कपड़ा देखा तो बोली, मेरी माँ का है."
हिरा जवळ गेली. "फोन का नाही उचललास?"
"हात वासाचे झाले होते," नंदा म्हणाली.
पोरीनं एक बोंबील बाहेर काढून चोखायला घेतलेला. हिरा तिच्यासमोर बसली. "तिखट चालतं का हिला?"
"चालतं."
"मग ऊठ. घर दाखव तुझं."

ताजमहाल आमचा राहिला तो राहिलाच. त्या दुपारी जावयानं आधी शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून गल्लीकडच्या खिडक्या लावून घेतल्या, मग पाटावर बसला. हिरानं पहिला बोंबील त्याच्या ताटात वाढला.