माझी पाठ आणि ह्यांची बुलेट

आमचे हे, वामन, तळोज्याला कारखान्यात फिटर. घरात काही बिघडलं की आधी पाना शोधणार, मग काय बिघडलंय ते विचारणार. लग्नानंतर कुठूनशी एक जुनी बुलेट घेऊन आले आणि माझ्या नशिबी सवत आली.

शहाऐंशी साली मला मणक्याचा टीबी निघाला. पनवेलच्या डॉक्टरांनी रोज एक इंजेक्शन सांगितलं आणि बजावलं, खाडे केलेत तर पाय जातील. जासईत आमच्याकडे तेव्हा सुई टोचणारं कोणी नव्हतं. एसटीत मला उभं राहवत नव्हतं. मग ह्यांच्या सेकंड शिफ्टच्या आधी रोज बुलेटवरून पनवेल. बंदराच्या कामाचे डंपर जाऊन जाऊन रस्ता कसला, नुसते खड्डे उरले होते. घरी येईपर्यंत मी अर्धमेली व्हायचे.

दुखतंय म्हटलं की हे गाडीखाली शिरायचे. आधी सीट फाडून काथ्या काढला, जाड फोम भरला. मग मागचे शॉकअप बदलले. पाठ टेकायला लोखंडी टेका वेल्ड करून आणला, पायाखाली रुंद पट्टी बसवली. वाटेत बंद पडू नये म्हणून वायरिंग नवं, आणि कार्ब्युरेटर तर दर रविवारी खोलून पेपरवर मांडलेला. गावातली माणसं बघायला यायची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आमची गत. पाठ होती तशीच दुखायची.

का दुखते ते मला ठाऊक होतं. दोन्ही पाय एकीकडे सोडून, कंबर पिळून ह्यांना धरायचं. तो टेका तर कुशीत रुतायचा. दोन्हीकडे पाय टाकून बसले असते तर भागलं असतं. पण मी गोल पातळ नेसणारी, त्यात गावची सून, आणि पारावर सगळी मोठी माणसं. बोलणार कुणाला? ह्यांनी कधी मागे वळून बघितलं नाही. राग यायचा मला. मग काळ्याकुट्ट हातांनी जेवायला बसलेले दिसायचे आणि कीवही यायची.

शेवटी मीच थकले. एका दुपारी अंथरुणातूनच सांगितलं, आजपासून मी येत नाही, पाय जायचे तर जाऊ देत. हे उंबऱ्यावर मटकन बसले.

माझ्या सासूबाई, बायजाबाई, चुलीपाशी होत्या. त्या उठल्या, दोरीवरचं आपलं लुगडं ओढलं, मला उभी केली आणि कासोटा घालून नेसवायला लागल्या.

"तू कशी वाकडी बसतंस ते रोज बगतंय मी," त्या म्हणाल्या. "आमी मिठागरान कासोटा मारून जल्म काढला. तवा कोनाला लाज नाय वाटली. टांग टाकून बस."

बसले. पनवेलला पोचल्यावर मी कुणाचा हात न धरता उतरले. हे बघतच राहिले.

"सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले.

"मागे बघायचं होतंत."

दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग वाईटही वाटलं.

परतताना गाव दिसायला लागलं तशी ह्यांनी गाडी बाजूला घेतली. जाताना रिकामा असलेल्या पारावर आता माणसं बसली होती. इथून पुढे एका बाजूनं बसतेस का, म्हणून हळूच विचारलं. मला फार दमायला झालं होतं, गाडीनं नाही, त्या सगळ्याच दिवसांनी.

"नको," मी म्हटलं. "चला. आणि जरा सावकाश, बघू देत त्यांना."