लाल खडूवर कापा

पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढूनही त्यांनी एकही चोर पकडला नाही. ते वायरलेसवर होते. मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावर, घरघर नको म्हणून उकाड्यातही पंखा बंद ठेवलेल्या खोलीत बसायचं, गस्तीच्या गाड्यांचे निरोप घ्यायचे आणि पुढे पोचवायचे, हे त्यांचं काम. खात्यात त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा जवळजवळ कुणाच्याच नाही. हळूहळू नावही मागे पडलं आणि सगळे त्यांना ‘कंट्रोल’ म्हणू लागले.

एकदा पुरात बचाव बोटीचा निरोप तुटक आला. खरखरीतून ‘शाळेमागे’ एवढंच कळलं, आणि शाळा तर दोन होत्या. साहेब म्हणाले, मोठीच असणार, पाठवा माणसं. कंट्रोल हटून बसले. त्यांनी सात वेळा तोच प्रश्न विचारला, तेव्हा कुठे ‘धाकटी’ हा शब्द उमटला. धाकट्या शाळेमागच्या छपरावरून अकरा जणांना खाली उतरवलं. ऐकू आलं तेवढंच लिहायचं आणि उरलेलं विचारायचं, अंदाजाने काही भरायचं नाही, हे नव्या पोरांना ते यानंतर कायम बजावत.

घरी मात्र ऐकण्याच्या नावाने सगळा आनंदीआनंदच होता. दिवसभर कान किटलेले, त्यामुळे उंबरा ओलांडला की त्यांची वाचाच बसायची. बायको शिवणाचे वर्ग घ्यायची आणि दोघांच्या वाटणीचं एकटीच बोलायची. परगावी औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या लेकीला त्यांचा फोन म्हणजे तीन शब्द: पोचलीस? बरं. ठेवतो.

निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत, एका सकाळी कापड बेतताना बायकोच्या हातातून कात्री गळून पडली. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि भाषा गेली. एकच शब्द उरला, ‘नाही’. पाणी हवं तरी नाही, नको तरी नाही. समजत सगळं होतं, फक्त बाहेर येत नव्हतं.

लेक महिन्याची रजा काढून आली. आईने तोंड उघडायचा अवकाश, ती मायेने वाक्य पुरं करून टाकायची. आई दोनदा मान हलवायची आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायची.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आई एकदम बेचैन झाली. ‘नाही’ला जोडून एक नवा शब्द निघाला, ‘लाल’. लेकीने लाल साडी आणली, लाल शाल आणली, लाल झाकणाची औषधाची बाटलीही आणली. आईच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

कंट्रोल स्टूल ओढून पलंगाशी बसले. गुडघ्यावर वही ठेवली.

“लाल. मिळालं. पुढे?”

लेकीने तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “ख... खडू.”

“लाल खडू. मिळालं. पुढे?”

“पांढरा... नाही.”

ते थबकले. हे ‘नाही’ कुठलं?

“पांढरा हवा, की पांढरा नको?”

आईने डावा हात जोरात आडवा फिरवला.

लेकीच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. वर्गातली एक मुलगी आईने अर्धवट सोडलेला कोट सकाळीच घेऊन गेली होती आणि आजच कापणार होती. कापडावर दोन्ही खडूंच्या खुणा होत्या. पांढऱ्या जुन्या मापाच्या, लाल नव्या. तिने फोन लावला. मुलगी म्हणाली, कात्री हातातच आहे, पांढऱ्यावरच कापणार होते. आईने डोळे मिटले आणि आजारपणानंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

संध्याकाळी भांडी आवरताना लेक म्हणाली, “बाबा, माझं असं कधी ऐकलंच नाहीत तुम्ही.”

त्यांनी सारवासारव केली नाही. “घरी आलो की कान मिटून घ्यायचो. चुकलंच माझं. आता बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही.”

ती तास-दीड तास बोलली. त्यांनी फक्त दोनदा विचारलं, तेही नीट कळलं नाही म्हणून. रजा संपवून ती गेली, पण आता रोजचा फोन तीच करते आणि तो लवकर संपत नाही.

याला दोन वर्षं झाली. वाचेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी शिकवलेले धडे नवरा-बायको रोज सकाळी गिरवतात. शब्द दोनशेच्या वर गेलेत. अजून गफलती होतात. कॉलरला बायको ‘कुलूप’ म्हणते आणि मुली बिनबोभाट कॉलर लावतात. वर्ग पुन्हा सुरू झालाय, सध्या चारच मुली आहेत. मशीनमध्ये दोरा ओवायचं काम कंट्रोलकडे आहे. दर मंगळवारी ते दवाखान्यात जाऊन अशाच रुग्णांच्या घरच्यांना गप्प बसायला शिकवतात. डॉक्टरबाई म्हणतात, हे काम सगळ्यात अवघड आहे.

गेल्या आठवड्यात कापडवाल्याने अस्तर भलत्याच रंगाचं पाठवलं. कंट्रोल फोन उचलणार, एवढ्यात बायकोने तो ओढून घेतला. पाच मिनिटं लागली, दोन शब्द चुकले, एकदा खुद्द कापडवालाच गोंधळला. पण संध्याकाळी करड्या रंगाचं अस्तर दारात आलं. बायकोने ते उजेडात धरून पाहिलं आणि डाव्या हाताने कापायला घेतलं.