मशीन स्नेहलचं, मिनिट सगळ्यांचं

कोणी विचारलं, "काय गं, तुमचा तो व्हिडिओ झाला का?" की मी आधी पाणी पिते. एका मिनिटाचा व्हिडिओ. एक! पण घरातली मोठी माणसं त्यात शिरली, की सेकंदाला एक किस्सा तयार होतो. काही सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

प्रकरण साधं होतं. माझी मैत्रीण स्नेहल इंजिनीअर आहे. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत तिच्या काकांचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. त्याच्या एका कोपऱ्यात दोन वर्षं खपून तिने मासळीचे खवले काढायचं छोटं मशीन बनवलं. ड्रममध्ये मासे टाकायचे, बटण दाबायचं, मासे साफ! एका कॉलेजने नव्या स्टार्टअपकडून व्हिडिओ मागवले होते. निवड झाली तर तिला काम करायला लॅब मिळणार होती, म्हणजे काकांच्या कोपऱ्यातून सुटका. अट एवढीच: साठ सेकंद, आणि मशीन कोणी बनवलं ते दिसलं पाहिजे.

बजेट? माझा मोबाइल आणि उजेड पाडायला थर्माकोलची एक शीट.

*

काकांनी मीटिंग बोलावली. "सुरुवातीला आमच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. मग गणपती. मग माझे दोन शब्द. मग शुभेच्छुकांची नावं."

मी मोबाइलवर वेळ लावून बसले होते. "काका, बावन्न सेकंद झाले. मशीन कधी?"

"येईल की शेवटी! मशीन काय पळून जातंय?"

*

मग काकांनी ओळखीतला लग्नाचे व्हिडिओ काढणारा पाठवला. का, तर फुकट येतोय! त्याने स्नेहलला मशीनशेजारी उभं केलं. "मॅडम, नजर खाली. थोडं लाजा. आता हळूच मशीनकडे बघा."

"लाजू कशाला? मोटर मीच बसवलीय त्याला!"

दोन दिवसांनी त्याचं सँपल आलं. लाल बदामाच्या चौकटीत रावस, वरून गुलाबाच्या पाकळ्या!

काकांनी ते फॅमिली ग्रुपवर टाकलं. सत्तावीस जणांनी हात जोडले.

*

उजेड चांगला म्हणून इंद्रलोक भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. पाच मिनिटांत सेक्रेटरी अंकल हजर. "मच्छी का शूटिंग? यहाँ? बिल्डिंग का नाम कहीं नहीं आना चाहिए, समझी?"

समजले. सामान आवरायला लागले. तेवढ्यात अंकल पुन्हा वर आले. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून.

"वैसे बेटा, मेरा नाम डाल सकती हो."

*

तारोडी गावच्या मासळी विकणाऱ्या फिलोमिना मावशी महिनाभर मशीन वापरत होत्या. त्यांना म्हटलं, नेहमीसारखं काम करा, आम्ही शूट करतो. पोचलो तर मावशी खुर्चीत! मुलाच्या लग्नातली साडी, घरातलं होतं नव्हतं ते सोनं अंगावर, आणि मशीनपासून चार हात लांब.

"मावशी, मासे?"

"फोटो येनार हाय माझा. खवल्यांत बसू? न्हाय!"

"अहो, पण रोज तुम्हीच वापरता ना?"

"रोज वापरते. रोज कोन बघतं?"

*

आता शेवटच्या दिवसाचा किस्सा. संध्याकाळी फॉर्म भरायची मुदत संपणार होती, आणि काकांनी जाहीर केलं, "बोलणार प्रथमेश." प्रथमेश म्हणजे काकांचा मुलगा. त्याने आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हर धरलेला नाही. "मशीनबिशीनचं पोरीने सांगितलं की गिऱ्हाईक दचकतं."

"काका, गिऱ्हाईक सगळ्या बायका आहेत!"

"मग तर ऐकतीलच त्याचं."

मी स्नेहलकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "जाऊ दे ना. गाळा त्यांचा आहे." काकांपेक्षा जास्त राग मला तिचा आला! आणि प्रथमेशच्या तोंडावर उजेड पाडायला थर्माकोल धरून कोण उभं? तीच!

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. प्रथमेश म्हणाला, "नमस्कार! हे मशीन मी... आम्ही..." आणि ड्रम अडकला. मोटर घरघरायला लागली. हा तसाच हसत झाकण उघडून आत हात घालायला निघाला.

कॅमेऱ्यामागून काका किंचाळले, "हात काढ! हात काढ! स्नेहल, बघ गं!"

स्नेहलने थर्माकोल फेकलं, स्विच बंद केला, अडकलेली शेपटी ओढून काढली, झाकण लावून मशीन चालू केलं. काही सेकंदांत स्वच्छ रावस बाहेर. प्रथमेशने कॉलर नीट केली. "तर मित्रांनो, अशा प्रकारे आपण..." म्हणत त्याने पुन्हा झाकणाकडे हात नेला.

मी रेकॉर्डिंग थांबवलं नव्हतं. अठ्ठावन्न सेकंद झाले. तेच आम्ही पाठवलं, एकही कट न मारता. त्यात शेवटचा आवाज काकांचा आहे:

"ए, बाजूला हो! तिने बनवलंय ते, तिलाच कळतं. तू फक्त बोलायला आहेस!"