विहाराच्या पुस्तकातली पेन्सिल

पंचेचाळिशीत मी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलं. घरात कुणी विरोध केला नाही, कारण मी काय शिकतेय ते कुणाला कळलंच नाही. जुन्नरच्या केंद्रावर महिन्यातून एखाद्या रविवारी तास असत. बाकीचा अभ्यास आमच्या नर्सरीत, टोमॅटोच्या रोपांच्या ट्रेंमध्ये स्टूल टाकून.

अभ्यासाला अनात्मवादावरचा, म्हणजे 'कायम टिकणारा आत्मा नाही' या बौद्ध विचारावरचा, एक जाड ग्रंथ होता. पालीतून मराठीत आणलेला, जुना, दुकानात न मिळणारा. आमच्या विहाराच्या कपाटात मात्र त्याची एक प्रत होती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, दर रविवारी दुपारी विहारात ग्रंथवाचन असतं. नेहमीचा ग्रंथ सगळ्यांना पाठ आहे, यंदा हा घेऊ, असं मीच सुचवलं. त्यात माझा स्वार्थ होता. वाचणाऱ्याला पुस्तक तयारीसाठी घरी नेता येतं.

कपाटाची किल्ली नानांकडे असते. नाना म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आणि विहारातले सगळ्यात जुने वाचक. ते म्हणाले, "तू वाच. तुझा तास असंल तवा मी वाचीन."

त्या पुस्तकात एकेक वाक्य अर्धं पान चालायचं. मी आधी क्रियापद शोधायचे, मग कर्ता. आणि ग्रंथाचं म्हणणंच असं की कर्ता म्हणून कुणी नाही. अशा वेळी पेन्सिल लागते. नर्सरीत रोपांच्या वाणाच्या पट्ट्यांवर पेन्सिलीनंच लिहितात, कारण शाई पाण्यानं जाते. ती हाताशी असायचीच. मी समासात लिहायला लागले. कुठं 'म्हणजे काय?', कुठं 'इथं टाळाटाळ', कुठं 'हे परीक्षेला येणार'. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हा न्याय कसला?' जागा संपली की दोन ओळींच्या मधे लिहायचे. अक्षर माझं गोल आणि स्वच्छ आहे.

श्रावणात एका रविवारी पुस्तक सासूबाईंबरोबर विहारात पाठवून मी जुन्नरला गेले. संध्याकाळी परत आले तर सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर, चेहरा खुललेला.

"आज लई झ्याक वाचलं नानांनी."

"काय वाचलं, आत्या?"

"पेरणारा एक आन् कापणारा दुसरा, हा न्याय कसला! सगळी बाया-माणसं गप. आन् मंग म्हणले, हे परीक्षेला येणार. खरंय की. परीक्षा कुणाला सुटलीय?"

मी लगेच सांगून टाकलं की ते ग्रंथातलं नाही, माझं आहे. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्या गिरणीवर दळण घेऊन गेल्या, आणि दुपारच्या आत नाना नर्सरीच्या फाटकात उभे होते.

"मला वाटलं छापताना ऱ्हायलेलं कुणीतरी भरून काढलंय," ते म्हणाले. "साऱ्या गावापुढं तुझ्या परीक्षेचं वाचलं मी. विहाराचं पुस्तक हाय ते, शाळेची पाटी न्हाई. रविवारी पुस्तक परत आण. नेहमीचा ग्रंथ लावू."

"चूक माझी आहे नाना, पुस्तकाची नाही. वाचन थांबवू नका."

"कुणाला कळतंय ते पुस्तक? तुला तरी कळतंय का?"

पुस्तक एकदा कपाटात गेलं की वर्षावास संपेपर्यंत बाहेर येणार नाही, एवढं मला कळत होतं. परीक्षा त्याच्या आधी होती.

रविवारी नानांनी टेबलावर नेहमीचा ग्रंथ ठेवला आणि हे पुस्तक घ्यायला माझ्यापुढं हात केला. मागून सासूबाई बोलल्या.

"नाना, ऱ्हाऊ द्या ते. त्या दिवशी मी पहिल्यांदा जागी व्हते."

"म्हंजे? एरवी माझ्या वाचनाला तुमी झोपता?"

"सगळीच झोपत्यात. तुमचं तोंड पुस्तकात, तुमाला कसं दिसंल?"

बायका हसल्या. नाना हसले नाहीत, पण हात मागं घेतला. म्हणाले, "पेन्सिल सगळी पुसायची. परत एक रेघ मारायची न्हाई. ज्याला जे इचारायचं ते त्यानं तोंडानं इचारावं."

आठवडाभर मी खोडरबर घेऊन बसले. पुसण्याआधी प्रत्येक खूण पुन्हा वाचावी लागली, आणि लिहिताना झाला नव्हता इतका अभ्यास पुसताना झाला. 'इथं टाळाटाळ' जिथं लिहिलं होतं, तिथून थोडंच खाली उत्तर होतं. मला धीर नव्हता, एवढंच. बरेचसे 'म्हणजे काय?' हे प्रश्न नव्हतेच, ती चिडचिड होती. ग्रंथाचा मुद्दा हळूहळू हाती लागत होता: कालचा माणूस आणि आजचा माणूस एक नाही, अगदी वेगळाही नाही; एकातून दुसरा होत जातो. वाक्य म्हणून मला ते पटलं होतं.

पुढच्या रविवारी कोऱ्या समासाचं पुस्तक उघडून मी नेमकं तेच वाचत होते. सासूबाईंनी हात वर केला.

"थांब. मी इचारते तोंडानं. माझ्या बापानं साऱ्या घरासंगं धम्माची दीक्षा घेतली तवा मी पाळण्यात व्हते. तिकडं आंबेगावात. ह्ये पुस्तक म्हणतं, पाळण्यातली ती आन् मी एक न्हाई. मंग दीक्षा कुणाची झाली? माझी व्हायची ऱ्हायलीच का?"

कुणी हसलं नाही. त्या चेष्टा करत नव्हत्या. मी म्हणाले, "पण वेगळीही नाही, असं पुढं आहे."

"ते ऐकलं मी. वेगळी न्हाई म्हणून माझी झाली, का एक न्हाई म्हणून ऱ्हायली? एक काय ते सांग."

नाना म्हणाले, "बघ गं, पुस्तकात हाय का."

मी पानं उलटली. पुढची, मग मागची. तसं कुठं छापलेलं नव्हतं. भिंतीलगतची एक म्हातारी म्हणाली, "माझंबी तसंच हाय," आणि सरकून पुढं बसली.

"मंग मिट ते," सासूबाई म्हणाल्या. "आदी आमी बोलतो. तू ऐक."