एकविसावी पट्टी

मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता वहिनीचा फोन आला. दादा गेला होता. मी उलव्याला त्यांच्या घरी पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते.

त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं विलासबद्दल, म्हणजे माझ्या थोरल्या भावाबद्दल, बोलतात ती बहुतेक त्याच्या मदतीच्या स्वभावाविषयी. ते खरंच आहे. पण मला तो आठवतो तो हातात मोजायचं काहीतरी धरून बसलेला. तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता. टाक्यांवरचे मीटर दाब आणि तापमान खरं दाखवतात की नाही, हे तपासणं त्याचं काम. ती सवय घरीही सुटायची नाही. नवा वजनकाटा आणला, की त्यावर तो आधी साखरेची सीलबंद पिशवी ठेवायचा. आकडा जुळला नाही, की म्हणायचा, "आता काटा चुकला की पिशवी, हे कळायला तिसरं काहीतरी आण."

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी आणि आई नेरूळला राहायचो, दादा-वहिनी दोन इमारती सोडून. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मी मुंबईच्या छापखान्यातली अक्षरजुळणीची नोकरी सोडली. घरून काम करता यावं म्हणून कॉम्प्युटर घेतला. वाशीच्या एका छापखान्याने भाताच्या वाणांवरचं सचित्र पुस्तक नमुन्यादाखल दिलं. पहिली दोन प्रकरणं सोमवारपर्यंत लावून द्या. जमलं तर पुढचं सगळं काम तुमचं, नाही तर आम्ही दुसरं माणूस बघतो, असं मालकांनी सरळ सांगितलं. पण पानावर चार छायाचित्रं आली, की माझं यंत्र बसकण मारायचं. आईची वेणी घालून परत यावं, तरी पान अर्धंच उमटलेलं असायचं. शनिवारपर्यंत एकच प्रकरण झालं. हे काम गेलं असतं तर पुन्हा मुंबईची नोकरी बघावी लागली असती, आणि आईला दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवणार होते मी?

रविवारी सकाळी दादा आला. वाशीच्या सायबर कॅफेतून छापून आणलेली दोन पानं त्याच्या खिशात होती.

"तुझ्या प्रोसेसरवर तीनशे मेगाहर्ट्झ लिहिलंय ना?" त्याने विचारलं. "ते कोणी मोजलं?"

"कंपनीने."

"कंपनीने लिहिलं. मोजलं किती, ते कुठे सांगितलंय?"

मग त्याने जे सांगितलं, ते मला तेव्हा चमत्कारिक वाटलं आणि अजूनही वाटतं. एकाच घाण्यातून निघालेल्या प्रोसेसरांतले कित्येक जास्त वेगाने चालू शकतात; पण बाजारात स्वस्त मालाला मागणी असते, म्हणून चांगल्यांवरही कमी आकडा छापून ते विकले जातात. माझा प्रोसेसर म्हणजे पोस्टकार्डापेक्षा लहान, खाचेत उभं बसणारं एक कार्ड. त्याच्या कडेला दोन्ही अंगांनी बारीक सोनेरी पट्ट्या. त्यातली एका अंगाची एकविसावी पट्टी कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाला निरोप देते, की मला सावकाश चालव. ती झाकली, की निरोप पोचत नाही, आणि बोर्ड कार्डाला दीडपट वेगाने पळवतो. झाकायचं कशाने? वहिनीच्या नेलपॉलिशने.

"आणि जळलं तर?"

"जळलं तर जळलं," तो म्हणाला. माझा चेहरा बघून त्याने घाईने जोडलं, "जळणार नाही गं. ताप मोजत राहू. तू हो म्हणालीस तरच."

मी हो म्हटलं. तोही उत्सुक होता आणि, खरं सांगायचं तर, मीही.

काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तो रंगवायला बसला. आई पलंगावरून बघत होती.

"काय रे, नखं कुणाची रंगवतोयस? लग्न ठरलंय का तिचं?"

"हो आई. सासरी नीट नांदली म्हणजे झालं."

रंग वाळला. कार्ड खाचेत बसलं. त्याने बटण दाबलं. पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. काळाच. मला भिंतीवरच्या कॅलेंडरात फक्त सोमवार दिसत होता.

"दादा, तू आपले कारखान्यातले मीटर बघ," मी म्हणाले. "यातलं तुला काय कळतं?"

दादाने पेचकस टेबलावर ठेवला, कार्ड काढलं आणि बाल्कनीत उजेडाला जाऊन उभा राहिला. कार्ड आडवं धरून बघत राहिला, उलटवून बघत राहिला... चहा पार निवला. मग तिथूनच त्याचं हसू ऐकू आलं.

"अनू, मी मागून मोजलं!"

कारखान्यात मीटरांचं पॅनल असतं, त्याच्या पाठीमागे उभं राहून मेकॅनिक तारा जोडतो. समोरून जे डावं, ते मागून उजवं. वीस वर्षं पाठीमागून मोजणाऱ्या माणसाने कागदावरचं चित्रही मनातल्या मनात उलटं करून घेतलं होतं, आणि दुसऱ्याच टोकाकडून एकविसावी पट्टी रंगवली होती. त्याने वहिनीकडून रंग काढायचं औषध आणलं, ती पट्टी पुसली, या टोकाकडून पुन्हा मोजलं. मलाही मोजायला लावलं. आईलाही.

"एकवीस," आई म्हणाली. "आता कर बाबा काय ते."

या वेळी पडद्यावर अक्षरं उमटली. साडेचारशे. दादाने मोठ्याने वाचलं आणि लगेच म्हणाला, "हेही लिहिलेलंच आहे. चालवून बघ."

मी चालवलं. चार छायाचित्रांचं पान आईची वेणी अर्धी व्हायच्या आत उमटलं. सोमवारी दुपारी दोन्ही प्रकरणं वाशीला पोचली. पुढची अकरा वर्षं मी त्या छापखान्याचं काम घरून केलं, आणि शेवटपर्यंत आईला परक्या हातात द्यावं लागलं नाही.

दादा पुढे महिनाभर रोज संध्याकाळी तपमापक घेऊन यायचा. त्याच्या तारेचं टोक कार्डाला चिकटवायचा, आकडे टिपायचा. त्यातून त्याचा एक नियमच ठरला: एप्रिल-मे आला, की रंग पुसून यंत्र तीनशेवर आणायचं, हवा निवली, की पुन्हा रंगवायचं. आमच्या सोसायटीत उन्हाळी वेळापत्रक असलेला कॉम्प्युटर तो एकटाच असावा.

मी बोलले त्याची माफी मात्र मागितली नाही. यंत्र चालू झालं, त्या आनंदात ते वाहून गेलं असं मी धरून चालले. पुष्कळ वर्षांनी एकदा विचारलं, "तेव्हा राग आला होता का रे?"

"कधी?" तो म्हणाला, आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पण त्या रविवारच्या आधी तो माझी कुठलीही वस्तू न विचारता उघडायचा. नंतर, ते यंत्र भंगारात गेल्यावर, पुढची दोन आली, मग लॅपटॉप आला, तरी घरात आला की आधी विचारायचा, "अनू, हात लावू का?" मी म्हणायची, "विचारतोस काय!" मग तो तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि आकडा सांगायचा. एकेचाळीस. अडतीस. मी दोनदा तपमापक लावून पडताळलं होतं. दोन्ही वेळा एका अंशाच्या वर तो चुकला नव्हता. त्या प्रश्नाला मी कित्येक वर्षं त्याची लकब समजत होते.

हे लिहिताना मी मध्येच थांबून लॅपटॉपला हात लावून पाहिला. गरम आहे. किती, ते मला कळत नाही.