चहाच्या वेळेला उभी राहिलेली ज्वारी

शालन गेल्याचा फोन दौंडच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी तिच्यासाठीच डबा भरत होते. त्याला आता पाच आठवडे झाले. मुलांनो, तुम्ही तिला फोनच्या पडद्यावर हसणारी शालनआजी म्हणूनच ओळखता. माझी ही धाकटी बहीण तीस वर्षं शिरूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होती. तिची गोष्ट आता क्रमाने सांगते.

त्या वर्षांत ती केडगावला राहायची आणि रोज न्हावऱ्यामार्गे एसटीने शिरूरला जायची. वर्गात शिरताना तिच्या हातात एक सुकलेलं रोप असायचं. "हे मेलंय, की वाट बघतंय?" हा तिचा पहिला प्रश्न. पाणी तुटल्यावर झाड काय काय करतं, पानं का गुंडाळतं, मुळं कुठवर धाडतं... हेच तिचं संशोधन. कॉलेजमागच्या शेडमध्ये कुंड्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक रांगेत वेगळ्या गावची ज्वारी आणि वर पाटी : 'पाणी घालू नये.' सगळ्यांत शेवटी कोणती सुकते, हे तिला शोधायचं होतं. या संशोधनाला मिळालेल्या मुदतीचं ते शेवटचं वर्ष होतं. हाती काही लागलं नसतं, तर काम तिथेच बंद पडणार होतं.

एका सोमवारी ती पोहोचली, तर सगळ्या कुंड्या ओल्या. कॉलेजचे माळी किसनमामा खाली मान घालून उभे.

"मामा, पाटी वाचली नाही?"

"वाचली की. पन तान्हेली झाडं बगून काल घास उतरंना, बाई."

"माझी चार वर्षं बुडवलीत तुम्ही."

"बुडवली आसतील. पन ती कडंची रांग बगा, आमच्या माळावरची. बाराला पानी दिलं, च्याच्या टायमाला उभी. बाकीच्या आजून लोळत्यात, तुमच्या वर्गातल्या पोरांवानी."

शालनने वाकून त्या रांगेची पानं बघितली. मग स्टूल ओढून बसली, वही उघडली आणि म्हणाली, "मामा, चहा नक्की किती वाजता घेतलात?"

तिच्या संशोधनाचे पुण्याचे मार्गदर्शक म्हणाले, कुंड्या टाकून द्या. तिने टाकल्या नाहीत. त्याच ज्वाऱ्या पुन्हा सुकवल्या, पुन्हा भिजवल्या. ती मनगटावरचं घड्याळ घेऊन, मामा चहाचा ग्लास घेऊन. कोण उशिरा सुकतं यापेक्षा कोण लवकर सावरतं, यावर कणीस भरणं ठरत होतं. माळावरची ज्वारी दर वेळी पहिली उठली. मुदत वाढली, निबंध छापून आला. त्यावर स्वतःच्या नावाशेजारी तिने किसनमामांचं नाव घातलं. कोणी नाकं मुरडली, तर म्हणायची, "बघितलं त्यांनी. मी लिहून घेतलं."

आज शिरूरच्या कोरड्या माळांवर ती ज्वारी डोक्याइतकी उंच उभी आहे. शालनला निरोप द्यायला किसनमामा आले, तेव्हा त्यांनी हार आणला नाही. कणसांची जुडी आणली.

दुसऱ्या दिवशी मी, निवृत्तीनंतर ती राहायची ती दौंडची खोली आवरायला गेले. खिडकीत त्याच ज्वारीची एक कुंडी होती. शालन दवाखान्यात असताना कोणी पाणी घातलं नव्हतं. पानं सुतळीसारखी वळली होती. बाराला पाणी घातलं आणि तिच्याच स्टुलावर बसून राहिले. मग चहा ठेवला. गाळून वळते, तर मधलं पान उलगडलेलं... तिची वही घेतली आणि तिच्या शेवटच्या नोंदीखाली माझ्या अक्षरात लिहिलं : चार वाजून दहा मिनिटं. उभी.